ॲस्पिरिन कुणाला, कधी, किती: सोलापूरच्या एका जॉबरचे प्रकरण

रुग्ण ५७ वर्षांचा पुरुष. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. माग जुळवणे आणि बिघडला की दुरुस्त करणे हे काम. बारा तासांची पाळी, आठवड्याआड रात्रीची. वजन ६४ किलो. मधुमेह ८ वर्षांपासून, गोळ्यांवर. रक्तदाब मोजला तेव्हा तेव्हा १५०/९२ च्या आसपास, पण त्यावर औषध नाही. तंबाखू-चुना तरुणपणापासून. पत्नी घरी विड्या वळते. पूर्व भागातल्या अनेक घरांसारखी घरची बोली तेलुगू. हे प्रकरण सोलापुरात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून अभ्यासासाठी रचलेले आहे, ते कोणा एका माणसाचे नाही.

या रुग्णाच्या बाबतीत ॲस्पिरिनचा प्रश्न तीनदा उभा राहिला: हृदयविकाराच्या झटक्याआधीची चार वर्षे, झटक्याची पहाट, आणि चार महिन्यांनी झालेला रक्तस्राव. गोळी तीच होती, पण फायद्या-तोट्याचा हिशेब प्रत्येक वेळी वेगळा होता. तो हिशेब न करता गोळी सुरू करणे जितके चूक, तितकेच घाबरून ती बंद करणेही चूक.

झटक्याआधीची चार वर्षे

कारखान्यातल्या एका सोबत्याला झटका आला, त्यानंतर याने मेडिकलमधून इकोस्प्रिन ७५, म्हणजे ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिनच्या गोळीची, पाकिटे आणायला सुरुवात केली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. त्याच काळात गुडघे दुखतात म्हणून सकाळी चहाबरोबर आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी तो जवळजवळ रोज घेत होता.

ॲस्पिरिन प्लेटलेटमधल्या (रक्त गोठवणाऱ्या पेशींमधल्या) कॉक्स-१ नावाच्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, कायमचे निकामी करते. त्यामुळे थ्रॉम्बॉक्सेन हे प्लेटलेटना चिकटायला लावणारे रसायन तयार होत नाही आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटण्याचे प्रमाण घटते. प्लेटलेटला केंद्रक नसते, म्हणून तिला नवे विकर बनवता येत नाही. तिचे ८ ते १० दिवसांचे आयुष्य संपेपर्यंत परिणाम टिकतो. ॲस्पिरिन स्वतः रक्तात १५-२० मिनिटांतच निम्मे होते, तरी दिवसातून एकदा ७५ मिलिग्रॅम पुरते ते यामुळेच. हेच विकर जठराच्या अस्तराचे रक्षणही करते. ते बंद पडले की अल्सरची वाट मोकळी होते. म्हणून रक्षण आणि रक्तस्राव हे दोन्ही एकाच क्रियेतून येतात. एक ठेवून दुसरे पूर्णपणे टाळता येत नाही.

आता आकडे. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, अशा रुग्णांच्या चाचण्यांचा एकत्रित अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दरवर्षी हजारामागे ८२ जणांना पुन्हा गंभीर त्रास होत होता. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ते प्रमाण ६७ होते. म्हणजे वर्षाला हजारामागे १५ जण वाचले. ज्यांना आधी काहीच झालेले नव्हते, त्यांच्यात हेच आकडे ५.७ आणि ५.१ होते. फायदा हजारात एकाचाही नाही. मधुमेह असलेल्या, पण हृदयविकार न झालेल्या १५,४८० लोकांवरच्या ॲसेंड चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सरासरी ७.४ वर्षे रोज १०० मिलिग्रॅम दिल्यावर गंभीर घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आल्या, तर मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला. हजारात ११ जणांचा लाभ आणि ९ जणांचे नुकसान. त्याच वर्षी वृद्धांवरच्या ॲस्प्री चाचणीत फायदा दिसलाच नाही, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणून साठीनंतर, आधी काही झालेले नसताना, ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये अशी अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्य समितीची २०२२ ची शिफारस आहे. चाळीस ते एकोणसाठ या वयात, दहा वर्षांतला धोका १० टक्के किंवा अधिक असेल, तर माणूस पाहून ठरवायचे.

हा रुग्ण या दुसऱ्या गटातला होता. गोळी घ्यावी की नाही यावर डॉक्टरांशी बोलणे योग्यच ठरले असते. पण त्या बोलण्यात ॲस्पिरिनचा नंबर शेवटचा लागला असता. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही माणसाला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, द्यावे याबद्दल फारसा मतभेद नाही. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ३९ मिलिग्रॅमने उतरवले की मोठ्या घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होतात, आणि जठरातून रक्तही जात नाही. याचे एलडीएल १३८ होते, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचे माप) ८.६. रक्तदाब मोकाट, तंबाखू चालू. चार वर्षे त्याने सगळ्यात कमी फायद्याची गोळी नेमाने घेतली आणि बाकीच्या चारही गोष्टी तशाच राहिल्या. रोज एक गोळी गिळली की काळजी मिटली असे वाटते, आणि खरे नुकसान तिथे होते.

त्यातही ती गोळी पूर्ण काम करत होती का, याची शंका आहे. आयब्युप्रोफेन कॉक्स-१ च्या त्याच खाचेत काही तास बसून राहते. ते आधी पोटात गेले, तर ॲस्पिरिनला जागा मिळत नाही आणि तोवर ते रक्तातून निघूनही जाते. साध्या, म्हणजे जठरात न विरघळणारे आवरण नसलेल्या, ॲस्पिरिनसाठी नियम असा: ॲस्पिरिननंतर किमान ३० मिनिटांनी आयब्युप्रोफेन, किंवा ॲस्पिरिनच्या ८ तासांहून आधी. आवरण असलेल्या गोळीला हा नियम लावता येत नाही, कारण ती कधी विरघळेल ते नक्की नसते. आपल्याकडे रोजसाठी मिळणारी बहुतेक ७५ ची गोळी आवरणाचीच असते.

झटक्याची पहाट

डिसेंबर महिना, रात्रपाळी. घड्याळाचे आकडे मुद्दाम देत आहोत, कारण या प्रकरणात गेलेला वेळ औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

४.४० ला छातीत दाटून आले, जबडा दुखू लागला, थंडीतही अंग घामाने भिजले. त्याने पित्त समजून सोडा घेतला आणि मागाशेजारी बसून राहिला. मधुमेहात झटक्याची वेदना कधी कधी सौम्य असते. घाम आणि जबड्याचे दुखणे या दोन खुणा मात्र स्पष्ट होत्या.

५.३० ला सोबत्याने स्वतःच्या खिशातली इकोस्प्रिन ७५ ची एक गोळी पाण्याबरोबर गिळायला दिली. हेतू चांगला होता, रीत दोन प्रकारे चुकली. झटक्यात लागणारी मात्रा १६२ ते ३२५ मिलिग्रॅम आहे. ७५ ने काम भागत नाही. आवरणाची गोळी अख्खी गिळली तर परिणामाला तासन्‌तास लागतात, आणि इथे तो मिनिटांत हवा असतो. शिवाय गोळी दिल्यावर थोडे बरे वाटते का हे पाहण्यात आणखी पाऊण तास गेला असता, पण सुपरवायझरने रिक्षा बोलावली. १०८ ला फोन करणे अधिक चांगले झाले असते.

बरोबर रीत अशी आहे. विरघळणारी ३२५ ची साधी गोळी असेल तर एक; नसेल तर ७५ च्या चार किंवा १५० च्या दोन. गिळायची नाही, दाढेखाली चांगली चावून बारीक करायची आणि मग घोटभर पाणी. आवरणाचीच गोळी हाताशी असेल तरी चालते, चावल्याने आवरण फुटते. रोज ७५ घेणाऱ्यालाही झटक्याच्या वेळी ही मात्रा द्यायची असते. खिशातली गोळी पाकिटातच राहू द्यावी. सुटी काढून डबीत ठेवली आणि दमट हवा लागली की ॲस्पिरिन फुटून त्यातून ॲसिटिक आम्ल निघते. व्हिनेगरसारखा वास आला तर ती गोळी टाकून द्यावी.

देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. पूर्वी ॲस्पिरिनने किंवा वेदनाशामकाने धाप लागली किंवा अंगावर गांधी उठल्या का? सध्या काळी संडास किंवा रक्ताची उलटी होते आहे का? तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यातले काही आहे का? तिसऱ्याचे उत्तर होय असेल तर घरी ॲस्पिरिन देऊच नये. तो पक्षाघात आहे, आणि डोक्यात गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

६.०५ ला तो जवळच्या रुग्णालयात पोहोचला. ६.१२ ला ईसीजी झाला: दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये आलेखाचा एसटी हा भाग वर उचललेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. रक्तदाब १०४/७०, नाडी ५८. डॉक्टरांनी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजला आणि दुखणे पाठीत फाटल्यासारखे आहे का हे विचारले. महाधमनी आतून चिरली तर ती चीर उजव्या हृदयधमनीच्या तोंडापर्यंत जाऊन अगदी असाच ईसीजी दाखवू शकते, आणि तेव्हा ॲस्पिरिन व हेपारिन (रक्त गोठू न देणारे इंजेक्शन) घातक ठरतात. दोन्ही हातांत फरक नव्हता. मग ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावायला दिले.

याच वेळी सोबतच्या माणसाने जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ठेवू का असे विचारले. डॉक्टरांनी थांबवले आणि उजव्या बाजूचा ईसीजी काढला. त्यातल्या व्ही४आर या लीडमध्येही एसटी उचललेला निघाला. उजवा कप्पा दुखावलेला असताना सॉर्बिट्रेट दिले तर रक्तदाब धाडकन कोसळतो. ॲस्पिरिन आणि सॉर्बिट्रेट यांची जोडी लोकांच्या मनात पक्की बसली आहे. ती तोडायला हवी. रक्तदाब माहीत नसताना सॉर्बिट्रेट देऊ नये. ॲस्पिरिनला रक्तदाबाचे असे बंधन नाही.

रुग्णालयात कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची खोली) नव्हती, पण शहरात वीस मिनिटांवर होती. म्हणून गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन न देता लगेच हलवले. टिकाग्रेलॉर हे प्लेटलेट रोखणारे दुसरे औषध, १८० मिलिग्रॅम, निघण्याआधीच दिले आणि ईसीजीचा फोटो पुढे पाठवला. ७.३५ ला उजव्या हृदयधमनीतला पूर्ण अडथळा फुग्याने उघडला आणि औषधी स्टेंट बसवला. पहिल्या रुग्णालयाच्या दारापासून ९० मिनिटे. हाच रुग्ण बार्शी किंवा मंगळवेढ्याच्या बाजूच्या खेड्यातला असता आणि अँजिओप्लास्टी १२० मिनिटांत होण्यासारखी नसती, तर तिथेच वजनाप्रमाणे गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज, ६४ किलोसाठी ३५ मिलिग्रॅम, ॲस्पिरिन ३०० आणि टिकाग्रेलॉरऐवजी त्याच कामाचे क्लोपिडोग्रेल ३०० हा मार्ग होता.

गुठळी काढायला फुगा आणि स्टेंट असताना गोळीचे महत्त्व ते काय, असे वाटू शकते. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. रोज १६२.५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन महिनाभर दिल्यावर, पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले. हजार रुग्णांमागे २४ जीव. काही रुपयांच्या औषधाकडून याहून जास्त काय मागायचे! निरोगी माणसाच्या हिशेबाशी हा आकडा ताडून पाहावा.

चौथा महिना: काळी संडास

घरी जाताना चिठ्ठीवर होते: ॲस्पिरिन ७५ एकदा, टिकाग्रेलॉर ९० दोनदा, ॲटोरव्हास्टॅटिन ८०, पॅन्टोप्रॅझोल ४० (जठरातले आम्ल कमी करणारी गोळी), रॅमिप्रिल, मेटोप्रोलॉल आणि मधुमेहाची औषधे. एप्रिलमध्ये, सोलापूर बेचाळीस अंशांवर तापलेले असताना, त्याला चक्कर येऊ लागली. घरच्यांना ऊन लागले असे वाटले, ताक आणि कांदा झाला. तीन दिवसांनी तो संडासात कोसळला. रक्तदाब ९६/६०, नाडी ११४, हिमोग्लोबिन ७.६, डिसेंबरमध्ये ते १४.१ होते. संडास डांबरासारखी, चिकट, उग्र वासाची. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण चिकटपणा आणि हा वास येत नाही.

गोळ्यांची पिशवी जमिनीवर ओतल्यावर कारण सापडले, आणि ते एक नव्हते. मेडिकलमध्ये ७५ संपली होती म्हणून इकोस्प्रिन १५० दिली गेली होती, रोज एक. टिकाग्रेलॉरबरोबर ॲस्पिरिन १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचे नसते. रक्तस्राव वाढतो आणि टिकाग्रेलॉरचा फायदाही घटतो. पॅन्टोप्रॅझोल ‘गॅसची गोळी’ म्हणून दुसऱ्या महिन्यात बंद केली होती; पोटात गॅस नाही, तर पैसे कशाला घालायचे? आणि गुडघ्यांची जुनी गोळी पुन्हा सुरू झाली होती. चिठ्ठीवरच्या सूचना इंग्रजीत, तोंडी सांगणे मराठीत, गोळ्या देणारी पत्नी तेलुगू बोलणारी. पॅन्टोप्रॅझोल ही रक्तस्राव रोखण्यासाठी आहे हे त्या घरात कुणाला कळलेच नव्हते.

दुर्बिणीत लहान आतड्याच्या सुरुवातीला सेंटिमीटरभर अल्सर दिसला, तळ स्वच्छ, वाहणारी नस नाही. एच. पायलोरी या अल्सर करणाऱ्या जंतूची चाचणी होकारार्थी. रक्ताची एक पिशवी दिली. हृदयरुग्णात हिमोग्लोबिन ८ च्या खाली जाऊ द्यायचे नाही या हिशेबाने.

त्या रात्री नातेवाइकांची एकच मागणी होती: रक्त पातळ करणाऱ्या सगळ्या गोळ्या बंद करा. ती समजण्यासारखी आहे, आणि तिला नाही म्हणणे हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता. स्टेंट चार महिन्यांचा. दोन्ही गोळ्या एकदम थांबवल्या तर त्यात गुठळी होण्याचा धोका असतो, आणि तशी गुठळी झाली तर ती अनेकदा प्राणघातक ठरते. हाँगकाँगमध्ये अल्सरच्या रक्तस्रावानंतर १५६ रुग्णांवर केलेली चाचणी २०१० मध्ये आली. ॲस्पिरिन चालू ठेवलेल्यांत पुन्हा रक्तस्राव १०.३ टक्के, थांबवलेल्यांत ५.४ टक्के. पण आठ आठवड्यांतले मृत्यू चालू ठेवलेल्यांत १.३ टक्के आणि थांबवलेल्यांत १२.९ टक्के. रक्तस्राव दिसतो म्हणून त्याची भीती मोठी वाटते. हृदयातली गुठळी न दिसता मारते.

म्हणून ॲस्पिरिन ७५ वर आणून चालूच ठेवले. टिकाग्रेलॉर थांबवले आणि रक्त स्थिर झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी सौम्य असलेले क्लोपिडोग्रेल ७५ सुरू केले. पॅन्टोप्रॅझोल आधी शिरेतून, मग ४० मिलिग्रॅम दोनदा. इथे ओमेप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोल चालले नसते. ती दोन्ही क्लोपिडोग्रेलला यकृतात पुरेसे सक्रिय होऊ देत नाहीत.

एच. पायलोरीच्या उपचारात आणखी एक खड्डा होता. नेहमीच्या तीन औषधांच्या पाकिटात क्लॅरिथ्रोमायसिन असते. ते ॲटोरव्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढवून स्नायूंना इजा करू शकते, आणि टिकाग्रेलॉरबरोबर तर निषिद्धच आहे. म्हणून बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि पॅन्टोप्रॅझोल असा १४ दिवसांचा क्रम निवडला. बिस्मथने संडास काळी होते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवले. नाहीतर पाचव्या दिवशी सगळे पुन्हा धावत आले असते आणि भीतीपोटी ॲस्पिरिन बंद झाले असते. चिकटपणा, चक्कर किंवा नाडी वाढणे दिसले तरच यायचे, असे ठरले. उपचारानंतर चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री करून घेतली. त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्रॅझोलऐवजी फॅमोटिडिन दिले, कारण पॅन्टोप्रॅझोल चालू असताना चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते.

गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, लावायचे डायक्लोफिनॅक जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. पोटातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक नाही. दुखणे खरे असते, त्यामुळे नुसते ‘घेऊ नका’ म्हणून भागत नाही. पर्याय न दिल्यास माणूस मेडिकलमध्ये जातोच.

उरलेली १५० ची पाकिटे घरातच होती. ४८ वर्षांच्या धाकट्या भावाने ‘आपल्या घराण्यातच आहे’ म्हणून ती घ्यायला सुरुवात केल्याचे नंतर कळले. त्याला मधुमेह नाही, झटका आलेला नाही. त्याची गोळी थांबवली. तपासल्यावर रक्तदाब १४८/९६ आणि एलडीएल १७१ निघाले. रक्तदाब पुन्हा मोजून पक्का केला आणि दोन्हींवर उपचार सुरू झाले.

दात, आणि बारा महिन्यांनंतर

सातव्या महिन्यात हलणारी दाढ काढायची होती. दवाखान्यातून आठवडाभर दोन्ही गोळ्या बंद करायला सांगण्यात आले. ते मानले नाही. एका दाढेसाठी गोळी थांबवायची गरज नसते. सकाळची वेळ, एका बैठकीत एकच दाढ, टाका, कापसाच्या बोळ्याने अर्धा तास दाब आणि ट्रॅनेक्सामिक आम्लाच्या गुळण्या, एवढ्याने रक्त थांबले.

वर्ष पूर्ण झाल्यावर क्लोपिडोग्रेल थांबवले. ॲस्पिरिन ७५ कायम राहिले आणि पूर्वी अल्सरमधून रक्त गेले असल्याने पॅन्टोप्रॅझोलही, दिवसातून एकदा, कायम राहिले. एलडीएल ६१, एचबीए१सी ७.३, रक्तदाब १२८/७८. तंबाखू कमी झाली, सुटली नाही. रात्रपाळीत ती पुन्हा तोंडात जाते. त्यावर निकोटिनच्या गोळ्या आणि समुपदेशन चालू आहे.

त्याच्या खिशातल्या कार्डावर आता मराठी आणि तेलुगू दोन्हींत लिहिले आहे: ॲस्पिरिन ७५, जेवणानंतर, रोज. १५० देऊ नये. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूचा संशय असलेल्या तापात गोळी बदलण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. छातीत पुन्हा दाटून आले तर १०८ ला फोन, आणि रुग्णवाहिकेची वाट पाहताना ७५ च्या चार गोळ्या चावून खाव्यात.